सातच्या भोंग्याआधी

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजवायचे ठरले. टीव्ही बंद, मोबाईल बंद, दीड तास पुस्तक नाहीतर गप्पा, साडेआठला दुसरा भोंगा. त्याचे कौतुक पुष्कळ झाले. पण मुले, गेम आणि मर्यादा हा वाद तिथवर कसा आला, हे सहसा सांगितले जात नाही.

जगात पहिली ओरड १९७६ ची. गाडीखाली आकृत्या चिरडायच्या एका अमेरिकन गेमवरून ती झाली. आपल्याकडे नव्वदीत टीव्हीला जोडायचा गेम आणि त्याच्या कॅसेटी आल्या. तेव्हा मर्यादा कुणी घालावी लागली नाही. टीव्ही घरात एकच, आणि तोही बातम्यांच्या वेळी वडिलांचा.

खरा बदल २०१६ नंतर, नेट स्वस्त झाल्यावर. मार्च २०१८ मध्ये पबजी हा लढाईचा ऑनलाइन गेम फुकटात मोबाईलवर आला. शंभर जण उतरतात, डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो आणि मध्येच थांबवता येत नाही. आपण उठलो तर स्क्वॉडमधले, म्हणजे चौघांच्या गटातले, बाकीचे तिघे अडचणीत येतात. ‘जेवायला ये’ म्हटल्यावर पोरगे खेकसते त्यामागे बऱ्याचदा ही रचना असते, हे आईबापांना कुणी समजावून सांगितले नाही. मार्च २०१९ मध्ये राजकोटला तर पोलिसांनी बंदीचा आदेश काढून खेळणाऱ्या कॉलेजच्या पोरांना ताब्यात घेतले. त्याआधी २०१७ मध्ये मुलांना आत्महत्येकडे नेतो म्हणून ‘ब्लू व्हेल’ या गेमची भीती शाळाशाळांत पसरली होती. तपासलेल्या एकाही मृत्यूत त्या गेमचा संबंध सिद्ध झाला नाही, असे केंद्र सरकारने पुढे संसदेत सांगितले. भीतीइतकी ती माहिती पसरली नाही.

मग २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली. मुलांसाठी ती आली, असे आजही अनेक घरांत सांगतात. तसे नव्हते. एकूण ११८ ॲप बंद झाली होती, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली, आणि कारण होते देशाची सुरक्षा आणि वापरणाऱ्यांचा डेटा. नेमक्या त्याच महिन्यांत ऑनलाइन शाळेसाठी आपणच पोरांच्या हातात फोन दिला.

या सगळ्यात सर्वात जास्त घोळ घातला तो ‘व्यसन’ या शब्दाने. मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीला मंजुरी मिळाली, १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली, आणि तिच्यात गेमिंगचा विकार आहे. मराठीत बातमी पोचली ती ‘गेमचे व्यसन आता आजार’ एवढीच. अटी वाटेत गळाल्या. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्याच्या वर गेम जाणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, आणि त्यामुळे शाळा, घर, नाती कोलमडणे. हे सर्व साधारण बारा महिने दिसले पाहिजे. तासांचा आकडा त्यात कुठेही नाही. रोज तीन तास खेळणारा पण मैदान, अभ्यास, दोस्त सांभाळणारा मुलगा त्यात बसत नाही. कमी तास खेळूनही शाळा सोडून बसलेला बसू शकतो. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या पुस्तिकेने २०१३ मध्ये ही गोष्ट ‘आणखी अभ्यास हवा’ या भागात ठेवली होती. आणि आपल्याकडे ‘व्यसनी’ म्हटले की दारू डोळ्यांसमोर येते. बारा वर्षांच्या पोराला चारचौघांत तो शब्द लावणे मला तरी क्रूर वाटते. त्याने पोर फोन ठेवत नाही, लपवायला शिकते.

गेममुळे मुले हिंसक होतात हा मुद्दाही असाच आयात झालेला. आक्रमक वागण्याशी, म्हणजे ओरडणे, ढकलणे याच्याशी थोडा संबंध दिसतो, पण गंभीर हिंसाचाराचे खापर गेमवर फोडू नये, असे अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट केले. आपल्या घरांतली तक्रार वेगळी आहे: झोप, चिडचिड आणि बापाच्या खात्यातून गेलेले पैसे.

तासांची मर्यादा घालणाऱ्यांत चीन सर्वांत पुढे. ऑगस्ट २०२१ च्या नियमाने अठराखालच्या मुलांना फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ. दक्षिण कोरियाने उलटे केले. २०११ पासून सोळाखालच्या मुलांना असलेली मध्यरात्रीनंतरची बंदी त्यांनी दहा वर्षांनी मागे घेतली. आपल्याकडे पबजीची २०२१ मध्ये आलेली भारतीय आवृत्तीही २०२२ मध्ये बंद झाली, आणि मे २०२३ मध्ये परतली ती अल्पवयीनांना दिवसाला तीन तासांच्या अटीवर. मात्र फोन आणि नंबर वडिलांचा असला की गेमच्या हिशेबी खेळणाराही वडीलच.

वडगावात भोंगा वाजला की मालिका पाहणारी आजी आणि व्हॉट्सॲप चाळणारा बाप दोघांनीही उठायचे होते. गेमचे नावही त्या ठरावाच्या केंद्रस्थानी नव्हते. निर्णय झाला तो गावातल्या बायकांच्या बैठकीत, आणि मग आशाताई, अंगणवाडीताई, निवृत्त गुरुजी घरोघरी सांगत फिरले.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या गेमवर. ई-स्पोर्ट्सला उलट प्रोत्साहन मिळाले. मुलाने घरी रोज किती वेळ खेळावे, हे त्या कायद्याने ठरवलेले नाही.