पान उलटण्याआधीचा प्रश्न

एक तीन पायांचा कुत्रा असतो. बाकीचे कुत्रे आधी त्याला बिचकतात, मग हळूहळू गट्टी जमते. ही कार्टून गोष्ट बालवाडीच्या वयाच्या मुलांना दाखवून अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी विचारलं, ‘यातून काय शिकलात?’ आपल्यापेक्षा वेगळ्या असणाऱ्यांना सामावून घ्यावं, असं उत्तर मोठ्यांना अपेक्षित होतं. पण मुलांना कळलेला धडा बहुतेक वेळा कुत्र्यांपाशीच थांबला होता. तीन पायांच्या कुत्र्यांशी चांगलं वागावं, असं त्यातल्या काहींना वाटलं. २००८ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मी लहान मुलांसाठी चित्रपुस्तक निवडताना हटकून आठवते.

मिळून काम करा, वाटून घ्या, असं सांगणाऱ्या चित्रपुस्तकांना तोटा नाही. त्यातली बरीचशी प्राण्यांची असतात. खेळणी कुणाला न देणारं एखादं पिल्लू एकटं पडतं, मग शहाणं होतं आणि शेवटच्या पानावर सगळे एकत्र खेळतात. पुस्तक मिटताना आपल्यालाही समाधान वाटतं. मुलाच्या हातून मात्र त्यानंतर काय घडतं?

टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासलं. चार ते सहा वर्षांच्या मुलांना त्यांच्या आवडीचे दहा स्टिकर निवडू दिले आणि सांगितलं, की एका मुलाला स्टिकर मिळणार नाहीत, हवे तर त्याच्यासाठी काही ठेव. किती ठेवले ते मोजलं. मग एक पुस्तक वाचून दाखवलं आणि पुन्हा तीच संधी दिली. काही मुलांना वाटून घेण्याची प्राण्यांची गोष्ट मिळाली. काहींना तीच गोष्ट मिळाली, फक्त चित्रांत प्राण्यांच्या जागी माणसं होती. उरलेल्यांना बियांबद्दलचं पुस्तक मिळालं. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी दुसऱ्या खेपेला जास्त स्टिकर दिले. प्राण्यांची गोष्ट ऐकलेल्यांनी आधीपेक्षा कमी दिले, अगदी बियांच्या पुस्तकवाल्यांसारखेच.

यावरून प्राण्यांची पुस्तकं अडगळीत टाकायची गरज नाही. याच प्रयोगात, ज्या मुलांना ते प्राणी माणसांसारखे वाटले त्यांनी जास्त स्टिकर दिले. म्हणजे अडचण शेपटीची नसून ओळखीची आहे. ‘हे तर माझ्याबद्दल चाललंय’ असं मुलाला वाटलं, की गोष्ट त्याच्या वागण्यापर्यंत पोचते.

बरं, वाटून घ्यावं हे मुलांना ठाऊक नसतं का? चांगलंच ठाऊक असतं. तीन ते आठ वर्षांच्या मुलांना एका अभ्यासात स्टिकरबद्दल विचारलं, तेव्हा समान वाटणी करायला हवी, असं लहानग्यांनीही सांगितलं. प्रत्यक्षात त्यांनी स्वतःकडे जास्त ठेवले. सात-आठ वर्षांच्यांनी निम्मे निम्मे केले. गंमत म्हणजे आपण स्वतः किती देऊ, हा लहानांचा अंदाजही बरोबर होता! नियम पाठ आहे, तो पाळणं अजून जमत नाही. अशा मुलाला तात्पर्य चौथ्यांदा ऐकवून काय मिळणार?

जर्मनीतल्या लायप्झिगच्या माक्स प्लांक संशोधन संस्थेतल्या संशोधकांचा २०११ सालचा प्रयोग मला इथे फार मोलाचा वाटतो. तीन वर्षांची दोन मुलं मिळून दोऱ्या ओढतात, तेव्हा बक्षिसं ठेवलेली फळी जवळ येते. पण एकाच्या वाट्याला तीन आणि दुसऱ्याला एक अशी वाटणी होते. दोघांनी जोर लावून मिळवलेलं असेल, तर तिनाचा धनी आपणहून एक पुढे करतो आणि हिशेब दोन-दोन होतो. बक्षिसं आयती समोर आली असतील, तर असं क्वचितच होतं. चिंपांझींमध्ये हा फरक दिसला नाही. माणसाच्या पिल्लाला वाटून घेण्याची गोडी बरोबरीने केलेल्या कामातून लागते. म्हणूनच ‘दे रे त्याला’ एवढंच सांगणाऱ्या पुस्तकापेक्षा, चौघं मिळून काहीतरी ओढतात, बांधतात, शोधतात आणि मग मिळालेलं वाटतात, असं पुस्तक मी आधी उचलेन.

आता वाचणाऱ्याबद्दल. दीड ते अडीच वर्षांच्या मुलांचे आई-वडील त्यांच्यासोबत चित्रपुस्तक कसं वाचतात, हे एका अमेरिकी अभ्यासात टिपून घेतलं आणि मुलं किती मदत करतात, किती वाटून घेतात, हेही पाहिलं. ज्यांचे आई-बाबा चित्रातल्या चेहऱ्यांबद्दल मुलालाच विचारत, त्याला कसं वाटतंय, तो का रडतोय, ती मुलं जास्त वेळा आणि लवकर पुढे येत. आई-बाबांनी स्वतःच भावनांबद्दल सांगून टाकण्याशी मात्र या वागण्याचा तसा संबंध दिसला नाही. प्रश्नांमुळेच मुलं मदतीला धावली, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. तरी मला हा धागा महत्त्वाचा वाटतो, कारण उत्तर शोधायला मुलाला त्या चेहऱ्यामागे शिरावं लागतं.

तेव्हा पिल्लू चेंडू पोटाशी धरून बसलंय आणि बाकीचे लांब उभे आहेत, त्या पानावर थांबावं. ‘हा कोपऱ्यातला बघ. त्याला काय वाटत असेल?’ एवढंच विचारावं. दोन वर्षांचं मूल कदाचित बोलणार नाही, नुसतं त्या रडव्या तोंडावर बोट ठेवेल. ते बोट उचललं जाईपर्यंत पान उलटायची घाई करू नये.