टीमचं पान आणि ॲट्रिब्युशन्सचं पान: आयजेमच्या विकीवर कुणाचं नाव कुठे, आणि का

आयजेम या सिंथेटिक बायॉलॉजीच्या स्पर्धेत उतरणाऱ्या कुठल्याही विद्यार्थी टीमची ओळख करून घ्यायची, तर लोक आधी तिच्या विकीवरचं, म्हणजे प्रकल्पाच्या वेबसाइटवरचं, 'टीम' हे पान उघडतात. एकसारखे टी-शर्ट, हसरे फोटो, प्रत्येक नावाखाली दोन-तीन ओळी: कितव्या वर्षाला, वेट लॅबमध्ये (प्रत्यक्ष प्रयोग) की ड्राय लॅबमध्ये (संगणकावरचं काम), आवडता जिवाणू कोणता, लॅबबाहेर काय करते. हे पान घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतं, कॉलेजच्या फेसबुकवर झळकतं. त्याच विकीच्या मेन्यूत 'ॲट्रिब्युशन्स', म्हणजे कुठल्या कामाचं श्रेय कुणाला, या नावाचं आणखी एक पान असतं. त्यावर तक्ते असतात, फोटो नसतात, आणि ते कुणीच फॉरवर्ड करत नाही. नावं दोन्हीकडे दिसतात, म्हणून ही एकाच यादीची एक रंगीत आणि एक साधी प्रत असावी, असा बऱ्याच जणांचा समज होतो. पहिल्यांदा टीम काढणाऱ्या कॉलेजांचाही होतो. प्रत्यक्षात दोन्ही पानं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, आणि स्पर्धेतल्या पदकाचा संबंध दुसऱ्या पानाशी जास्त आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. आयजेम म्हणजे इंटरनॅशनल जेनेटिकली इंजिनिअर्ड मशीन ही स्पर्धा. 2003 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात जानेवारीच्या मधल्या सत्रातला कोर्स म्हणून तिची सुरुवात झाली. 2004 मध्ये पाच अमेरिकी विद्यापीठांच्या टीम उतरल्या, पुढच्या वर्षी तेरा. आता दरवर्षी चारशेच्या आसपास असतात. आधी एमआयटीत, मग बॉस्टनला आणि 2022 पासून पॅरिसला सगळ्या टीम जमतात. आपल्याकडून पुण्याचं आयसर, मुंबईचं आयसीटी अशा संस्थांच्या टीम गेलेल्या आहेत. जनुकांचे तुकडे जोडून सजीवाकडून एखादं नवं काम करून घ्यायचं, आणि ते कसं केलं हे विकीवर सगळ्यांसाठी खुलं ठेवायचं, असा एकूण मामला.

टीमच्या पानामागे एक अधिकृत यादी असते. तिच्यात विद्यार्थी सदस्य, विद्यार्थी प्रमुख, पीआय म्हणजे जबाबदारी घेणारे प्राध्यापक, इन्स्ट्रक्टर आणि ॲडव्हायझर अशा भूमिका ठरलेल्या असतात. पीआय हे नुसतं मानाचं पद नाही. लॅबची सुरक्षितता, पैसा, संस्थेची परवानगी या सगळ्यांत सहीला तेच असतात. नोंदणीची फी हजारो डॉलरांत जाते, तेव्हा कॉलेजच्या अकाउंट सेक्शनसमोर फाइल घेऊन कोण उभं राहणार, हा प्रश्न भारतातल्या टीमसाठी प्रयोगाइतकाच जिवंत असतो.

या यादीत एक मेखही आहे. पदवी गटात उतरायचं तर सगळ्या विद्यार्थी सदस्यांचं वय 23 किंवा त्याहून कमी हवं. एखादा जरी मोठा निघाला, तर अख्खी टीम ओव्हरग्रॅड, म्हणजे मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांच्या, गटात जाते. म्हणून पीएचडी करणारी ताई रोज रात्री नऊपर्यंत मुलांबरोबर लॅबमध्ये असली, तरी पानावर बहुतेकदा 'ॲडव्हायझर' म्हणूनच दिसते. त्या शब्दावरून तिने महिन्यातून एकदा चहाला येऊन चार सल्ले दिले की दोनशे पिपेट टिप्स स्वतः भरल्या, काही कळत नाही. टीमचं पान भूमिका सांगतं. कुणी किती आणि काय केलं, हे त्यातून कळेलच असं नाही, आणि तशी अपेक्षाही नसते.

लग्नपत्रिका आणि लग्नाच्या खर्चाची वही यांत जेवढा फरक, तेवढा या दोन पानांत आहे. पत्रिकेत आजोबांचं नाव सगळ्यात वर असतं. मांडववाल्याला रात्री अकराला फोन करून कुणी आणलं, ते वहीतच सापडतं.

ॲट्रिब्युशन्सचं पान कामापासून सुरू होतं, माणसापासून नाही. कल्पना कुणाची, प्लास्मिडचं (जिवाणूत घालायच्या गोल डीएनएचं) डिझाइन कुणी केलं, क्लोनिंग (त्यात हवं ते जनुक बसवणं) कुणी केलं, गणिती मॉडेल कुणी लिहिलं, विकीचा कोड कुणाचा, आणि टीमबाहेरच्या कुणी कशात मदत केली. हे आता ठरावीक नमुन्यात भरावं लागतं. अगदी कांस्यपदकाच्या अटींतही ते आहे. कारण सरळ आहे: परीक्षकांना विद्यार्थ्यांचं काम मोजायचं असतं, आणि ज्या लॅबमध्ये ही मुलं बसतात तिथे पंधरा वर्षं तोच जिवाणू वाढवणारी माणसं शेजारीच असतात. हात कुणाचे होते हे कळल्याशिवाय गुण द्यायचे कशाला?

एक उदाहरण जवळून बघू. 'आम्ही हिरवा चमकणारा ई. कोलाय (एक जिवाणू) बनवला,' हे वाक्य टीमच्या पानावर छान दिसतं. आता ते उलगडू. जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक कंपनीने संश्लेषित करून पाठवलं. आयडीटी आणि ट्विस्ट या कंपन्या आयजेमच्या टीमना अनेक वर्षं डीएनए पुरस्कृत करत आल्या आहेत. ज्या प्लास्मिडमध्ये ते बसवलं, तो शेजारच्या लॅबच्या फ्रीझरमधून मागून आणला. तुकडे जोडण्याचं डिझाइन दुसऱ्या वर्षाच्या मुलीने केलं. ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे ते प्लास्मिड जिवाणूत घालणं, दोघांनी मिळून केलं: पेशी बर्फावर, मग 42 अंशांच्या पाण्यात पाऊण मिनिट, लगेच पुन्हा बर्फावर, मग अँटिबायोटिक घातलेल्या प्लेटवर पसरून रात्रभर 37 अंशांत. तीनदा प्लेट रिकामी आली. चौथ्या खेपेला पीएचडीवाल्या ताईने विचारलं, 'अरे, या प्लास्मिडवर क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकला तोंड देणारं जनुक आहे, तुम्ही प्लेट अँपिसिलिनची का ओतताय?' सकाळी प्लेटवर जिवाणूंच्या कॉलनी. सीक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएचा क्रम वाचणं, बाहेरच्या कंपनीने केलं, तो निकाल वाचून जुळवला एका विद्यार्थ्याने.

टीमच्या पानावर यातली दोन-तीन माणसं 'वेट लॅब' या एका शब्दाखाली येतील. ॲट्रिब्युशन्सवर सहा-सात नोंदी होतील, आणि ताईचा तो एक प्रश्नही त्यांत बसेल: 'ट्रान्सफॉर्मेशनमधला दोष शोधण्यात मार्गदर्शन'. काही टीमना वाटतं, एवढं कबूल केलं तर आपलं काम लहान दिसेल. मला उलट वाटतं. 'दोष शोधायला मदत मिळाली, प्रयोग आम्ही केले' असं लिहिणारी टीम परीक्षकाच्या पुढच्या तीन प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन मोकळी होते. सगळंच 'आम्ही' म्हणणाऱ्या टीमला ती उत्तरं समोरासमोर द्यावी लागतात.

टीम म्हणजे कोण आणि काम कुणाचं, यांतलं अंतर किती असू शकतं हे बघायला इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठाची 2009 ची टीम घ्यावी. सात पदवी विद्यार्थी, प्रकल्पाचं नाव ई. क्रोमाय. नुसत्या डोळ्यांना दिसतील असे रंग जिवाणूंकडून बनवून घ्यायचे, म्हणजे पाण्यातलं प्रदूषण ओळखायला महागडं यंत्र लागणार नाही. कॅरोटिनॉइडचे नारिंगी आणि लाल, मेलॅनिनचा तपकिरी, व्हायोलासिनचा जांभळा. त्या वर्षीचं सर्वोच्च पारितोषिक त्यांनी नेलं. पण हा प्रकल्प आज ज्यामुळे लोकांच्या लक्षात आहे, ती गोष्ट प्रयोगशाळेतली नाही. अलेक्झांड्रा डेझी गिन्सबर्ग आणि जेम्स किंग हे दोन डिझायनर या मुलांबरोबर काम करत होते. उद्या असे जिवाणू दह्यातून पोटात गेले आणि आजाराप्रमाणे विष्ठेचा रंग बदलला तर, असा प्रश्न घेऊन त्यांनी 'स्कॅटॅलॉग' नावाची ब्रीफकेस तयार केली, आणि तिच्यात रंगीबेरंगी विष्ठेचे नमुने ओळीने मांडून ती थेट एमआयटीतल्या स्पर्धेला नेली. रंग बनवणारे जिवाणू विद्यार्थ्यांचे, ब्रीफकेस डिझायनरांची. नुसती विद्यार्थी सदस्यांची यादी वाचणाऱ्याला हे दोघे सापडणार नाहीत, आणि नुसती ब्रीफकेस आठवणारा त्या सात मुलांना विसरेल.

त्याआधीचं, टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिनच्या टीमचं उदाहरणही असंच. जिवाणूंच्या थरावर प्रकाश पाडून 'हॅलो वर्ल्ड' ही अक्षरं उमटवणारी ती टीम. प्रकाश ओळखणारा जनुकीय भाग आला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांकडून. 2005 मध्ये 'नेचर'मध्ये निबंध छापला गेला तो दोन्ही गटांच्या नावाने. इथे तिसरीच एक यादी येते: निबंधाच्या लेखकांची. तिचे नियम आणखी वेगळे. अनेक शोधनियतकालिकांनीही आता कुणी काय केलं हे सांगायला क्रेडिट नावाची चौदा भूमिकांची पद्धत घेतली आहे, ती याच दुखण्यावर.

प्रायोजक, मागच्या वर्षीचे सदस्य यांच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पैसे दिले तर पैसे दिले असं लिहायचं, आणि मागच्या बॅचने प्रोटोकॉल दिला असेल तर तेही. गुंता होतो तो ह्यूमन प्रॅक्टिसेसमध्ये, म्हणजे प्रकल्प ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याशी बोलण्याच्या कामात. समजा एखाद्या टीमने उसाच्या रोगावर काही करायचं ठरवलं आणि शेतकऱ्यांशी बोलायला गावी गेली. प्रश्नावली इंग्रजीत तयार, ती मराठीत आणून दिली कुणाच्या तरी काकांनी, गावात ओळख काढून दिली कृषी सहायकांनी, आणि एका शेतकऱ्याने सांगितलं की 'तुमचं औषध फवारायला जो वेळ सांगताय, त्या वेळी आमच्याकडे लाइट नसते, पंप चालणार कसा?' त्या एका वाक्याने डिझाइन बदललं. आता हा शेतकरी टीमचा सदस्य नाही हे उघड आहे. पण डिझाइन बदलण्याच्या नोंदीत तो यायला हवा, आणि 'स्थानिक शेतकऱ्यांचे आभार' एवढ्यावर त्याची बोळवण करणं मला पटत नाही. काका आणि कृषी सहायक यांचीही एकेक ओळ होते.

मात्र नाव घालायच्या आधी विचारायला हवं. विकीवरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला असतो, जुन्या वर्षांच्या विकी इंटरनेटवर तशाच राहतात. टीममधल्या मुलांनी आपला फोटो द्यायला होकार दिलेला असतो. बांधावर उभ्या असलेल्या माणसाने तो दिलेला नसतो. तो नाही म्हणाला तर 'पश्चिम महाराष्ट्रातील एक ऊस उत्पादक' असं लिहून त्याचं योगदान नीट नोंदवता येतं.

इंटर्नशिपसाठी मुलं निवडणाऱ्या प्राध्यापकांनाही एवढंच सुचवेन, की उमेदवाराने बायोडेटात आयजेम टीमची लिंक दिली असेल तर ॲट्रिब्युशन्सचं पान उघडावं. टीमच्या पानावर सगळीच मुलं उत्साही, जिज्ञासू आणि कॉफीवर जगणारी असतात. कोलायचा वास कुणाच्या एप्रनला येत होता आणि कोण मॅटलॅब या सॉफ्टवेअरमध्ये समीकरणं सोडवत बसलं होतं, ते दुसरीकडे.

नव्या टीमसाठी व्यवहाराची गोष्ट एकच. ही नोंद शेवटच्या आठवड्यात आठवून लिहायला बसू नका. जूनमध्ये प्रायमर (प्रयोगाला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) कुणी डिझाइन केले, ते ऑक्टोबरमध्ये दोघांना दोन वेगळ्या प्रकारे आठवतं, आणि भांडणं होतात ती इथेच. लॅब नोटबुकच्या शेवटच्या पानावर किंवा एका सामाईक शीटवर दर शनिवारी चार ओळी टाकल्या तरी पुरे. विकी फ्रीझची, म्हणजे विकी गोठवण्याची, वेळ झाली की पान बंद होतं. स्पेलिंग चुकलेलं असो की ताईचं नाव राहिलेलं असो, त्यानंतर बदल करता येत नाही.