हायब्रिड मीटिंगची दृक्‌श्राव्य साधने

काही माणसे ऑफिसातल्या खोलीत टेबलाभोवती आणि बाकीची आपापल्या जागी स्क्रीनसमोर, अशी एकत्र होणारी बैठक म्हणजे हायब्रिड मीटिंग. तिच्यासाठी माइक, स्पीकर, कॅमेरा, डिस्प्ले आणि त्यांना जोडणारे नेटवर्क कसे निवडावे याचा विचार या नोंदीत केला आहे. उदाहरणे नाशिकमधल्या कार्यालयांची घेतली आहेत. सगळेच ऑनलाइन असले की प्रत्येकाच्या तोंडापासून हातभर अंतरावर त्याचा स्वतःचा माइक असतो आणि काम निभते. खरी अडचण आठ-दहा जणांत मिळून एकच माइक असतो तेव्हा सुरू होते.

मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर ही पद्धत सगळीकडेच रुळली. नाशिकला तिची गरज भूगोलामुळेही आहे. सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कारखान्यांचे अनेक ग्राहक पुणे-चाकण पट्ट्यात आणि मुख्यालये मुंबईत. मुंबई रस्त्याने सुमारे १७० किमी, पुणे सुमारे २१० किमी. तासाभराच्या चर्चेसाठी जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो. दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष निर्यातदारांची बोलणी तर युरोपशी. ऐन हंगामात, म्हणजे हिवाळ्यात, नेदरलँड्सचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते. त्यामुळे तिकडच्या दुपारच्या बैठकीला इकडे दिवे लावून बसावे लागते.

खोली : साधनांच्या यादीत खोलीचे नाव कधीच नसते, पण पहिला खर्च तिच्यावरच व्हायला हवा. बंद खोलीत आवाज भिंतींवर आपटून काही काळ घुमत राहतो. हा काळ मोजण्याचे सूत्र अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबाइन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्डमधल्या एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहावर प्रयोग करून बसवले : खोलीच्या घनफळाला ०.१६१ ने गुणायचे आणि एकूण ध्वनिशोषणाने भागायचे. अंबडमधल्या एखाद्या कारखान्याच्या पहिल्या मजल्यावरची ६ मी. लांब, ४ मी. रुंद आणि ३ मी. उंच कॉन्फरन्स रूम घेऊ. खाली व्हिट्रिफाइड टाइल, वर प्लास्टर, एका बाजूला काचेचे पार्टिशन. हे सगळे पृष्ठभाग सरासरी जेमतेम ५ टक्के आवाज शोषतात असे धरले, तर रिकाम्या खोलीत घुमण्याचा काळ दोन सेकंदांच्या वर जातो. तिथे फक्त छताला ७० टक्के शोषण करणाऱ्या मिनरल फायबरच्या टाइल लावल्या, तर तो सुमारे ०.५५ सेकंदावर येतो. मीटिंग रूमसाठी ०.४ ते ०.६ सेकंद चांगला मानतात. म्हणजे फॉल्स सीलिंगवाल्याने जे साधले, ते लाखाच्या माइकलाही साधले नसते. जाड पडदे, गालिचा, पुस्तकांचे कपाट यांचाही उपयोग होतो. शॉप फ्लोअरवरच्या प्रेसची आणि कॉम्प्रेसरची घरघर मात्र अशा टाइलने थांबत नाही. त्यासाठी खोलीच इमारतीच्या दुसऱ्या टोकाला न्यावी लागते.

माइक : मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की थेट पोचणारा आवाज ६ डेसिबलने घटतो, खोलीचा घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणून लांबच्या माइकवरचा माणूस विहिरीतून बोलल्यासारखा ऐकू येतो. सॉफ्टवेअर पंख्याची सरसर कमी करते. मूळ आवाजात मिसळलेला घुमारा पुरता उपसून काढणे त्यालाही जड जाते.

चार-सहा जणांच्या खोलीला कॅमेरा, माइक आणि स्पीकर एकत्र असलेला व्हिडिओ बार पुरतो. टेबल लांब झाले की बारमधला माइक टोकाच्या माणसापर्यंत पोचत नाही. अशा वेळी टेबलावर जोडमाइक, म्हणजे बारला जोडलेले जादा माइक, ठेवायचे किंवा छताला, अनेक छोटे माइक एकत्र बसवलेला, माइक-अ‍ॅरे लावायचा. टेबलावरचा माइक स्वस्त आणि तोंडाजवळचा, पण चहाचे कप, पेनाची टकटक, फायलींची सळसळ हे सगळे तो इमानाने पुढे पाठवतो. छताचा अ‍ॅरे टेबल मोकळे ठेवतो, मात्र सीलिंग फॅन असलेल्या खोलीत तो नकोच; वारा आणि मोटरचा आवाज थेट त्याच्या कुशीत. एप्रिल-मेमध्ये पंखा बंद ठेवायला कोणी राजी होत नाही, त्यामुळे अ‍ॅरे घ्यायचा तर एसीचे आधी ठरवलेले बरे, आणि एसीचा झोतही माइकवर नको.

स्पीकरमधून आलेला दूरच्या माणसाचा आवाज माइकमध्ये शिरून त्याच्याकडेच परत जाऊ नये म्हणून उपकरण तो वजा करते. त्यासाठी स्पीकरवर काय वाजते आहे आणि केव्हा, हे त्याला नेमके ठाऊक असावे लागते. माइक एका कंपनीचा आणि आवाज टीव्हीच्या स्पीकरवर अशी जोडी जमवली, तर टीव्ही आवाज थोडा उशिरा सोडतो आणि हिशेब चुकतो. माइक व स्पीकर एकाच संचातले घ्यावेत ते यासाठी. खोलीत कोणी दुसरा लॅपटॉप माइक चालू ठेवून जोडला की कुठलाही संच शिट्टी मारणारच. हा दोष यंत्राचा नव्हे.

कॅमेरा : जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात ‘फोर-के’ असते, पण कॉलमध्ये चित्र बहुधा ७२० किंवा १०८० रेषांचेच जाते. जास्तीचे पिक्सेल उपयोगी पडतात ते चित्र कापून चेहरा मोठा दाखवायला. १२० अंशांच्या रुंद भिंगाने छोट्या खोलीतले सगळे मावतात. लांब खोलीत त्याच भिंगाने टोकाचा माणूस नखाएवढा दिसतो, म्हणून तिथे ऑप्टिकल झूमचा फिरता कॅमेरा घ्यावा. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून सुमारे १.२ मीटरवर, डिस्प्लेला लागून हवा. कॅमेऱ्यासमोर खिडकी आली की बसलेले सगळे काळ्या सावल्या होतात. खुर्च्यांची दिशा बदलणे फुकटात होते.

डिस्प्ले : ६५ इंची पडद्याची उंची सुमारे ८१ सेमी. साध्या सादरीकरणासाठी शेवटची खुर्ची उंचीच्या सहापट, म्हणजे ४.९ मीटरपर्यंत चालते. टूलरूमच्या ड्रॉइंगवरचे टॉलरन्सचे, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाचे, आकडे किंवा एक्सेलचा तक्ता वाचायचा तर चौपटच धरावे : ३.२ मीटर. दोन पडदे परवडत असतील तर एकावर माणसे, दुसऱ्यावर ड्रॉइंग. प्रोजेक्टर अशा बैठकीला गैरसोयीचा, कारण पडदा दिसावा म्हणून खोली अंधारी करावी लागते आणि मग कॅमेऱ्याला चेहरे दिसत नाहीत.

जोडणी व वीज : एकाच प्लॅटफॉर्मला बांधलेला रूम संच चालवायला सोपा असतो. पण नाशिकच्या बहुतेक लघुउद्योजकांना प्लॅटफॉर्म निवडायची मुभा नसते. एक ग्राहक टीम्सची लिंक पाठवतो, दुसरा झूमची, तिसरा गूगल मीटची. त्यांच्यासाठी कोणताही लॅपटॉप एका यूएसबी केबलने जोडता येईल असा संचच उपयोगाचा. साधी यूएसबी २.० केबल ५ मीटरच्या पुढे भरवशाची नसते. त्याहून लांब टेबलासाठी सिग्नलला बळ देणारी अ‍ॅक्टिव्ह केबल लागते, आणि ती फरशी बसवण्याआधी टाकलेली बरी. इंटरनेट वायफायवर न ठेवता लॅन केबलने द्यावे. वळवाच्या पावसात वीज गेली की जनरेटर चालू होईपर्यंतच्या काही सेकंदांत कॉल तुटतो. संगणक यूपीएसवर असतो, पण फायबरचा डबा, राउटर आणि स्विच साध्या बोर्डावर राहून जातात. डिस्प्ले विझला तरी हरकत नाही, हे तीन विझता कामा नयेत.

कायदा : कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १७३(२) नुसार संचालक दृक्‌श्राव्य माध्यमातून संचालक मंडळाच्या सभेत भाग घेऊ शकतात, मात्र माध्यम सहभागाची नोंद घेणारे आणि कामकाज तारीख-वेळेसह साठवणारे हवे. २०१४ च्या नियमांतील नियम ३ प्रमाणे सुरुवातीला हजेरी घेतली जाते आणि प्रत्येक संचालक आपण कुठून बोलत आहोत ते सांगतो. दूरच्या सहभागींना इतरांचे स्पष्ट ऐकू येते आणि इतर स्पष्ट दिसतात याची काळजी घेण्याचे काम अध्यक्षांवर आणि कंपनी सचिव असल्यास त्यांच्यावर आहे. दोन भाऊ नाशिकला आणि तिसरा मुंबईला अशा घरच्या प्रायव्हेट लिमिटेडलाही हे लागू पडते.

खरेदी : दुकानातला डेमो पाहून ठरवू नये, संच आठवडाभर आपल्याच खोलीत लावून मागावा. खोलीत बसणाऱ्याला सगळे ठीकच वाटते, म्हणून निर्णय घेणाऱ्या साहेबांनी घरून इअरफोन लावून बैठक ऐकावी आणि टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवरून हळू आवाजात बोलणाऱ्याला बोलायला सांगावे. त्याच वेळी पंखा चालू, एसी चालू. मोठे टीव्ही, मॉनिटर आणि प्रोजेक्टर यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे. जुने कोटेशन असेल तर नवे मागवावे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर वस्तू स्वस्त मिळू शकते, पण बिघाड झाल्यावर कसारा घाट चढून कोण येणार आणि किती दिवसांत, हे बिलाआधी लेखी घ्यावे. बसवणाऱ्याने ठेवलेला अ‍ॅडमिन पासवर्डही त्याच कागदावर लिहून घ्यावा.