रंगालाही जागा लागते: टेलिटेक्स्टच्या हजार घरांतली चित्रकला

चित्रातले ठोकळे मोठे दिसले की ते ‘रेट्रो’, असा समज आता पक्का झाला आहे. मोबाइलमधली फिल्टर्स फोटोचे चौकोन पाडतात, वर जुन्या टीव्हीच्या आडव्या रेघा मारतात आणि त्याला ‘एट-बिट आर्ट’ असं नाव देतात. जुन्या कॉम्प्युटरवर खरोखर चित्र काढणारी मंडळी मात्र चित्र समोर आलं की आधी विचारतात, ‘हे किती बाइटमध्ये बसवलंय, आणि कोणत्या नियमांत?’ या प्रश्नाचं सगळ्यात नेमकं उत्तर टेलिटेक्स्टच्या चित्रांत सापडतं.

टेलिटेक्स्ट म्हणजे टीव्हीच्या प्रक्षेपणाबरोबरच येणारी अक्षरांची पानं. रिमोटवर पानाचा नंबर दाबला की बातम्या, हवामान, क्रिकेटचे स्कोअर दिसायचे. बीबीसीची ‘सीफॅक्स’ सेवा २३ सप्टेंबर १९७४ रोजी सुरू झाली आणि २३ ऑक्टोबर २०१२ रोजी बंद पडली. आपल्याकडे दूरदर्शननं १९८५ मध्ये दिल्लीत अशी सेवा सुरू केली होती. जर्मनीत आणि फिनलंडमध्ये ती टिकून राहिली, आणि तिथेच तिला चित्रकार भेटले. फिनलंडमधल्या ‘फिक्स-सी’ या कलाकारांच्या सहकारी संस्थेनं २०१२ पासून टेलिटेक्स्ट कलेचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरवायला सुरुवात केली. निवडलेली चित्रं दालनात टांगण्याऐवजी थेट प्रसारित झाली. जर्मनीच्या एआरडी या प्रसारण संस्थेच्या टेलिटेक्स्टवर ती घरोघरच्या टीव्हीवर पोचली.

आता यंत्राकडे वळू. टीव्हीचं चित्र ओळीओळीनं येतं आणि एका ओळीचा दिसणारा भाग ५२ मायक्रोसेकंदांचा असतो. चित्राच्या वर, पडद्याबाहेर राहणाऱ्या काही ओळी मोकळ्याच असतात. त्यांत टेलिटेक्स्टची माहिती सेकंदाला ६९,३७,५०० बिट या वेगानं भरली जाते. गुणाकार करून पाहा: एका ओळीत ३६० बिट, म्हणजे (आठ बिटांचा एक बाइट धरून) ४५ बाइट बसतात. त्यातले तीन बाइट लय जुळवायला आणि सुरुवात ओळखायला जातात, दोन पत्ता सांगायला. उरतात ४०. टेलिटेक्स्टच्या पानाची ओळ ४० अक्षरांची का, याचं कारण हे. एका अक्षराची जागा म्हणजे एक घर; अशा २५ ओळी घेतल्या की पान होतं बरोबर हजार घरांचं.

हेच पान घरच्या कॉम्प्युटरवर काढायचं तर यंत्र आहे एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो. तो १९८१ च्या डिसेंबरमध्ये आला, आणि १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या संगणक-साक्षरता प्रकल्पातून भारतातल्या निवडक शाळांमध्येही पोचला. त्यात मुलार्ड कंपनीची एसएए ५०५० ही टेलिटेक्स्टचीच चिप बसवलेली असते. या यंत्रात पडद्यावर चित्र दाखवण्याच्या पद्धतींना ‘मोड’ म्हणतात, आणि टेलिटेक्स्टचा तो मोड ७. इतर मोड पडद्यासाठी ८ ते २० किलोबाइट मेमरी खातात. मोड ७ हजार बाइटवर भागवतो. पहिल्या घराचा मेमरीतला पत्ता ३१७४४, आणि पुढे ओळीमागे ४० मिळवत जायचं.

प्रत्येक घरात अक्षर तरी बसतं किंवा सहा ठोकळे: आडवे दोन, उभे तीन. कोणते पेटवायचे ते बेरजेनं ठरतं. वरचा डावा १, वरचा उजवा २, मधला डावा ४, मधला उजवा ८, खालचा डावा १६. खालचा उजवा मात्र ३२ नाही, ६४ आहे, आणि नवशिक्याचं गणित इथेच चुकतं. आलेल्या बेरजेत १६० मिळवले की घराचा कोड मिळतो. सगळे सहा पेटवायचे तर ९५ अधिक १६०, म्हणजे २५५. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची: घराची उंची दहा रेघांची असते आणि ती ३, ४, ३ अशी वाटली जाते. मधला ठोकळा किंचित उंच निघतो, त्यामुळे आलेखाच्या कागदावर काढलेलं वर्तुळ पडद्यावर जरा वेडंवाकडं येतं.

रंग आठच: काळा, तांबडा, हिरवा, पिवळा, निळा, जांभळट गुलाबी, आकाशी आणि पांढरा. आणि खरी गंमत इथून सुरू होते. प्रत्येक घराचा रंग वेगळा साठवायचा तर मेमरी दुप्पट लागली असती, आणि टीव्हीच्या एका ओळीत पानाची एक ओळ मावली नसती. म्हणून रंग बदलण्याची आज्ञा अक्षरांच्या रांगेतच उभी केली. ती स्वतः एक घर अडवते, त्या घरात काहीही उमटत नाही, आणि तिचा अंमल ओळीच्या शेवटापर्यंत चालतो. पुढची ओळ पुन्हा कोरी: पांढरी अक्षरं, मागे काळी पाटी.

वारकऱ्याची भगवी पताका काढायची असं समजू. भगवा रंग तर नाही. मग मागे पिवळा ठेवायचा आणि त्यावर तांबडे ठोकळे पेरायचे. ओळीचे पहिले तीन कोड: १३१ (पिवळा), १५७ (चालू रंग मागच्या पाटीला लाव), १४५ (तांबडे ठोकळे). रंगाचा कोड पुढच्या घरापासून लागू होतो, पण १५७ त्याच घरापासून. म्हणून पहिलं घर काळं दिसतं, पुढची दोन कोरी पिवळी. ही दोन घरं फुकट गेली असं मानायचं कारण नाही: ती पताकेची बांबूची काठी!

कापडासाठी बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक नक्षी सुचते, तिचा कोड १८५. तोच सगळ्या ओळींत वापरला तर दर ओळीच्या सांध्यावर आडवी रेघ दिसते, कारण घरात उभे ठोकळे तीन, म्हणजे विषम. एका ओळीत १८५ आणि पुढच्या ओळीत उलटी नक्षी २३० घातली की सांधा मिटतो. तरीही लांबून पाहिल्यावर रंग हळदीकडे झुकतो. डोळा दोन रंगांच्या प्रकाशाची बेरीज करतो, आणि निम्मा पिवळा त्या बेरजेत भारी पडतो. सहापैकी चार ठोकळे तांबडे आणि दोन पिवळे घेतले की भगवा जमतो. त्यासाठी १९०, २४९, २३१ हे तीन कोड याच क्रमानं पुन्हा पुन्हा लिहायचे. पिवळे ठिपके तिरक्या रेषेत सरकतात, आणि नक्षी उभ्या दिशेनं बरोबर तीन ठोकळ्यांनी परतत असल्यामुळे सगळ्या ओळींना हेच कोड चालतात.

चुकून १४५ ऐवजी १२९ लिहिलं, तर तो तांबड्या अक्षरांचा कोड. मग कापडाच्या जागी ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह, इंग्रजी वाय आणि जी यांची रांग ओळभर उमटते.

उरला पताकेचा निमुळता कडेचा भाग. एका घरात दोनच रंग मावतात, आणि इथे ते दोन्ही वापरून झाले आहेत. काळ्या आकाशाला जागाच नाही. पाटी पुन्हा काळी करणारा कोड १५६, पण तो कापड आणि कड यांच्या मधोमध काळं भोक पाडतो. यावरचा उपाय म्हणजे १५८, ‘होल्ड’. होल्ड चालू असताना आज्ञेच्या घरात कोरी जागा येत नाही, आधीच्या ठोकळ्यांचीच आकृती पुन्हा उमटते. हा कोड ओळीत सगळ्यात आधी लिहायचा, म्हणजे जागा डावीकडच्या काळ्या समासातून जाते आणि काठी दोन घरांचीच राहते. कापडाचं शेवटचं घर भरीव २५५ करायचं, मग १५६. होल्डमुळे १५६ च्या घरातही भरीव तांबडं उमटतं, आणि त्याच्या पुढच्या घरात १६७ सारखा तिरका तुकडा काळ्यावर स्वच्छ बसतो. कडेला दोन घरांची तांबडी किनार येते, ती कापडाला दुमड असल्यासारखी शोभते. मात्र मध्येच अक्षरांचा किंवा दुप्पट उंचीचा कोड आला की होल्डनं धरलेली आकृती सुटते.

याच रचनेचा तोटा प्रसारणात दिसतो. दर बाइटचा आठवा बिट तपासणीसाठी असतो. सिग्नल खराब असताना ठोकळ्याचा बाइट बिघडला तर एकच घर जातं. रंगाचा बाइट बिघडला तर तिथून उरलेली अख्खी ओळ चुकीच्या रंगात. पान पुन्हा आलं की आपोआप दुरुस्त होतं. बीबीसी मायक्रोवर दुसरा धोका: शेवटच्या घरात ‘प्रिंट’ या आज्ञेनं अक्षर लिहिलं की पडदा वर सरकतो, आणि ३१७४४ हा पत्ता मग पहिल्या घराचा राहत नाही. शेवटचं घर नेहमी थेट मेमरीत लिहावं.

‘एका क्लिकवर टेलिटेक्स्ट शैली’ असं सांगणारी एआय साधनं जी प्रतिमा देतात, तिला हे नियम ठाऊक नसतात. एकाच घरात तीन रंग, भोकाशिवाय हवे तिथे बदललेले रंग, आणि वर धूसर चमक. अशा चित्राच्या हजार बाइटची फाइल मागावी. ती नसते, कारण ते चित्र कोणत्याही टेलिटेक्स्ट चिपला दाखवताच येणार नाही.

हात चालवून पाहायचा तर जुनं यंत्र विकत घ्यायची गरज नाही. ब्राउझरमध्ये चालणारा ईडिट डॉट टीएफ हा संपादक फुकट आहे, आणि तो पूर्ण पान स्वतःच्या वेब-पत्त्यातच साठवतो: हजार घरांचे सात-सात बिट, म्हणजे ७,००० बिट, पत्त्याच्या एका अक्षरात सहा बिट धरून साधारण ११६७ अक्षरं. पत्ता कॉपी करून पाठवला की चित्र पोचलं. त्यात कोड १२८ नं कमी करून वाचायचे: १५७ चा २९, होल्डचा ३०. घरी टेलिटेक्स्ट असलेला जुना टीव्ही असेल तर रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या काँपोझिट (जुन्या टीव्हीला जोडायच्या) आउटपुटमधून हेच पान त्याच्या खऱ्या डिकोडरला पाठवता येतं. पताका तिथे दोन-तीन मीटरवरून पाहावी; जवळून तांबडे-पिवळे ठिपकेच दिसतात.