डीएनए लस आणि केंद्रकाचं दार

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हशीची धार काढून तिथंच पेला हातात देतात. परवा तिथं दूध पीत उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "सर, ती डीएनएची लस घेतली की आपलाच डीएनए बदलतोय म्हणं. खरं हाय काय?" त्यांच्या हातातल्या दुधातही म्हशीच्या पेशी होत्या आणि त्या पेशींत म्हशीचा डीएनए होता. पण एवढ्यावर त्यांची बोळवण करणं बरोबर नाही. दूध पोटात जाऊन पचतं, लस थेट अंगात टोचतात. शंका रास्त आहे, तेव्हा उत्तरही नीट दिलं पाहिजे.

डीएनए लसीत विषाणू नसतो. असतो तो प्लाझ्मिड, म्हणजे जिवाणूंमध्ये सापडणारं डीएनएचं छोटं गोल कडं. त्यात विषाणूच्या एखाद्या प्रथिनाचं जनुक बसवतात, ई. कोलाय जिवाणूंमध्ये त्याच्या भरपूर प्रती वाढवतात आणि शुद्ध करून टोचतात. आपली पेशी ते जनुक वाचते, आधी त्याची नक्कल म्हणजे आरएनए आणि मग त्यावरून प्रथिन तयार करते. हे प्रथिन परकं आहे हे ओळखून शरीर प्रतिपिंडं आणि मारक पेशी तयार ठेवतं.

1990 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदराच्या स्नायूत नुसता डीएनए टोचला आणि स्नायूंच्या पेशी त्यातलं प्रथिन बनवू लागल्या. 1993 मध्ये अशाच लसीनं उंदरांचा फ्लूपासून बचाव झाला. आता सगळ्या रोगांवर लस आली, असा गाजावाजा तेव्हा झाला. माणसांवरच्या चाचण्यांत मात्र प्रतिसाद फिका निघाला, आणि त्याचं मोठं कारण होतं पेशीचं केंद्रक, म्हणजे आपला डीएनए जिथं असतो ती पेशीतली आवरणबंद खोली.

जनुक वाचणारी यंत्रणा केंद्रकात असते. थेट आरएनएच देणाऱ्या एमआरएनए लसीला तिथं जावंच लागत नाही, तिचं काम बाहेरच्या पेशीद्रवात उरकतं. डीएनएला आत गेल्याशिवाय गत्यंतर नाही. केंद्रकाच्या आवरणाला छिद्रं असतात, पण आत कुणाला सोडायचं याचा नियम शाहू स्टेडियमवरच्या अंतिम सामन्यासारखा आहे: पोरंटोरं कशीही घुसतात, थोरांना तिकीट लागतं. सुमारे 40,000 डाल्टनपर्यंतचे (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं एकक) रेणू सहज आत जातात. त्याहून मोठ्या प्रथिनांच्या अंगावर एक ठरावीक खूण लागते, ती ओळखणारी वाहक प्रथिनं त्यांना आत नेतात. आता पाच हजार जोड्यांचा (या जोड्या म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या) प्लाझ्मिड घ्या. एका जोडीचं वजन साधारण 650 डाल्टन धरलं तर त्याचं वजन 32 लाख डाल्टनच्या पुढं जातं, आणि त्याच्याकडे ती खूणही नसते. दारापर्यंत पोचणंही सोपं नाही. पेशीद्रव इतकं दाट असतं की दोन हजार जोड्यांहून लांब डीएनए त्यातून जवळजवळ सरकतच नाही. अडकून पडलेल्या डीएनएचे तिथली विकरं, म्हणजे एन्झाइम, तुकडे करतात. पेशी विभागताना केंद्रकाचं आवरण विरघळतं, तेव्हा संधी मिळते. पण स्नायूची पक्व पेशी विभागतच नाही.

पुढं नोबेल मिळालेल्या मारिओ कापेकी यांनी 1980 मध्ये हे अगदी स्वच्छ दाखवलं होतं. अतिसूक्ष्म काचेच्या सुईनं त्यांनी जनुक थेट केंद्रकात टोचलं, तेव्हा 50 ते 100 टक्के पेशींत ते चालू झालं. तीच सुई केंद्रकाच्या बाहेर, पेशीद्रवात रिकामी केली, तर एकाही पेशीत नाही. मला हा प्रयोग फार आवडतो. अंतर मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाचं, आणि निकाल सगळं किंवा काहीच नाही!

म्हणूनच या लसींची मात्रा मोठी असते. अहमदाबादच्या झायडस कॅडिलाच्या झायकोव्ह-डी या कोविडच्या लसीला 20 ऑगस्ट 2021 रोजी आपल्याकडे आपत्कालीन मंजुरी मिळाली. माणसांसाठी मंजूर झालेली ती जगातली पहिली डीएनए लस. एका मात्रेत 2 मिलिग्रॅम डीएनए, म्हणजे फायझरच्या एमआरएनए लसीतल्या 30 मायक्रोग्रॅम आरएनएच्या सहासष्टपटीहून जास्त! 28 दिवसांच्या अंतरानं तीन मात्रा, त्याही सुईविना, जोराच्या बारीक फवाऱ्यानं त्वचेत. माझ्या हिशेबानं एका मात्रेत दोनशे लाख कोटींहून जास्त प्लाझ्मिड असतात, आणि त्यातले बहुतेक केंद्रक न पाहताच नष्ट होतात. 27 हजारांहून अधिक जणांच्या चाचणीत लक्षणं असलेल्या कोविडपासून 66.6 टक्के संरक्षण दिसलं. हा आकडा अंतरिम होता, तरी बातम्यांनी तो शेवटचा शब्द असल्यासारखा छापला, हे मला पटलं नाही.

आता मूळ शंका. समजा काही प्लाझ्मिड आत पोचले, तर ते आपल्या गुणसूत्रात, म्हणजे आपला डीएनए ज्यात असतो त्या धाग्यात, शिरतील का? केंद्रकात असणं आणि गुणसूत्राला जोडलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहानपणी कांजिण्या झालेल्या माणसाच्या चेतापेशींच्या केंद्रकात त्या विषाणूचा डीएनए गोल कड्याच्या रूपात जन्मभर राहतो, गुणसूत्राच्या शेजारी, सुटा. उतारवयात तोच जागा झाला की नागीण उठते. तिचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस दगावतो असं सांगत अजूनही मंत्र घालतात, नागीण उतरवतात. त्या नादात विषाणूवरचं औषध सुरू करण्याचे पहिले तीन दिवस, जे सगळ्यात मोलाचे, हातचे जातात. याची मला मनापासून चीड येते.

प्लाझ्मिडला गुणसूत्रात शिरण्यासाठी लागणारी अवजारं नसतात. एचआयव्हीकडे त्यासाठी स्वतःचं विकर असतं, तसं इथं काही नाही. तरी अपघातानं जोडणी होऊ शकते, म्हणून ती शोधली गेली. मर्क कंपनीच्या संशोधकांनी 1995 मध्ये उंदरांच्या स्नायूंत टोचलेल्या प्लाझ्मिडचा माग काढला. उरलेला डीएनए सुटाच दिसला. दिसत नसलेली जोडणी झाली असं धरूनही तिचा धोका आपल्या जनुकांत आपोआप होणाऱ्या बदलांच्या साधारण हजाराव्या भागाइतका निघाला. डीएनएविरुद्धच प्रतिपिंडं तयार होऊन शरीर स्वतःवर उलटेल ही भीतीही होती. चाचण्यांत तसा आजार दिसला नाही.

पण एक निष्कर्ष लपवून चालणार नाही. विजेचे बारीक झटके देऊन पेशीची आवरणं क्षणभर उघडली की लस कितीतरी जास्त आत जाते. 2004 मध्ये उंदरांवर असं करून पाहिलं, तेव्हा प्लाझ्मिड गुणसूत्रात जोडला गेल्याच्या मोजक्या घटना खरोखर सापडल्या. प्रमाण अत्यल्प होतं, पण शून्य नव्हतं. लस जितक्या जोमानं आत पोचवाल तितकं हे प्रमाण वाढू शकतं. म्हणून प्लाझ्मिड तोच ठेवून नुसतं टोचायचं यंत्र बदललं आणि त्यामुळं डीएनए जास्त आत जाऊ लागला, तर जोडणीची ही तपासणी पुन्हा करावी लागते.