कृषी प्रदर्शन (खानदेश)

कृषी प्रदर्शन म्हणजे शेतीच्या कंपन्यांचा ट्रेड शोच, फक्त गर्दी यात्रेसारखी. जळगाव-धुळे-नंदुरबारकडे हिवाळ्यात याला रंग चढतो, कारण कापूस विकून थोडेफार पैसे हातात आलेले असतात आणि येत्या मृगबागेसाठी (जूनमधल्या मृगाच्या लागवडीसाठी) केळीची रोपं, ठिबक, पाईप कुठून घ्यायचे हे ठरवायला वेळही असतो.

दाखवून विकायची रीत इथं जुनीच आहे. सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीची यात्रा भरते, तिथं नुसता बांधून ठेवलेला घोडा कोण घेणार, रेवाल चाल (स्वार उसळत नाही अशी झपझप चाल) चालवून दाखवावी लागते. स्टॉलवरचा डेमो तसाच. ठिबकवाला पोरगा नळी उभी चिरून आतला ड्रिपर हातात देतो, बघा दादा, ह्या नागमोडी वाटेत पाण्याचा जोर मोडतो म्हणून बाहेर थेंबच पडतो. पॅम्प्लेटच्या चार पानांनी जे कळत नाही ते एवढ्यात कळतं.

केळीच्या स्टॉलवर टिश्यू कल्चरच्या (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांच्या) ग्रँड नैन जातीचा (आपल्याकडे जी-नाईन) घड टांगलेला असतो. तो अख्ख्या बागेतून निवडून आणलेला असतो हे सगळ्यांना माहीत, तरी सेल्फी होतातच. मुरलेला शेतकरी मात्र घडाकडे बघतही नाही, सरळ विचारतो, "भाऊ, रास किती पडली?" म्हणजे अख्ख्या बागेत घडाचं सरासरी वजन किती.

कंपनीला तिथल्या तिथं विक्री झाली तर हवीच, पण खरा डोळा डीलरवर आणि रजिस्टरमधल्या मोबाईल नंबरांवर असतो, फोन नंतर महिनाभर येत राहतात. शिवाय शेजारच्या स्टॉलवर काय नवीन आलंय आणि लोक आपल्या मालाला काय नावं ठेवतात तेही फुकटात कळतं. जर्मनीतला हॅनोव्हर मेळा (१९४७ पासून) किंवा दिल्लीला १४ नोव्हेंबरपासून भरणारा व्यापार मेळा, धंद्याचं गणित साधारण हेच, पसारा तेवढा मोठा.

"प्रदर्शन ऑफर" ला भुलू नये. मी असाच एक बॅटरीचा फवारणी पंप घेतला, पुढं दहा रुपयांचा वॉशर तालुक्यात मिळेना. म्हणून आधी पार्ट कुठं मिळतात ते विचारावं, मग डिस्काउंट. आणि शेवटच्या दिवशी संध्याकाळी जावं, मांडलेला माल परत टेम्पोत भरायचा कंटाळा आलेला असतो, तेव्हा भाव आपोआप खाली येतो.