पाग, रापण आणि 'जाळे': मराठी बायबल हाती घेण्याआधी

जाडजूड बायबल हाती आले की माणूस पहिले पान उघडतो. पोथी तशीच वाचायची असते, त्यामुळे यात गैर काही नाही. उत्पत्तीचे ५० अध्याय गोष्टींच्या ओघात सरतात. निर्गमात मिसर (इजिप्त) मागे पडतो, २० व्या अध्यायात दहा आज्ञा येतात. मग २५ व्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या तंबूची, मापे सुरू होतात: किती हात लांब, किती कड्या, पडद्याला कोणता रंग. पुढे लेवीयात अर्पणांचे नियम आणि गणनेच्या दारातच शिरगणती. बहुतेकांची खूण याच पानांत अडकून पडते.

दोष वाचकाचा नाही. हे एक पुस्तक नसून पुस्तकांचे कपाट आहे आणि कप्पे लावले आहेत ते काळाप्रमाणे नव्हे. जुन्या करारात नियमशास्त्र, इतिहास, काव्य, संदेष्टे असे गट पाडले आहेत. नव्या करारात पौलाची पत्रे साधारणपणे लांबीच्या उतरत्या क्रमाने लावली आहेत, आधी मंडळ्यांना लिहिलेली आणि मग व्यक्तींना. म्हणून १६ अध्यायांचे रोमकरांस पत्र सर्वांत पुढे आणि २५ ओव्यांचे फिलेमोनास पत्र शेवटी. अध्यायांचे आजचे आकडे १३ व्या शतकातले, नव्या करारातल्या ओव्यांचे आकडे १५५१ चे. मूळ लेखकांनी यातले काहीच घातले नव्हते, त्यामुळे काही ठिकाणी अध्याय विषयाच्या मध्येच तुटतो. 'मत्तय ५:३' म्हणजे मत्तय या पुस्तकातला अध्याय ५, ओवी ३, एवढे कळले की संदर्भ सापडतो.

कोकण किनाऱ्यावर हे ग्रंथ मराठीत पोहोचले ते दोन वेगळ्या वाटांनी, आणि आपल्या हातातली प्रत कोणत्या वाटेची हे ओळखता आले तर निम्म्या अडचणी सुटतात.

पहिली वाट पोर्तुगीज मुलखातली. इंग्लंडातून आलेले, जेझुइट या कॅथलिक संघाचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्या जागी वाचायला-ऐकायला काही नव्हते. स्टीफन्स यांनी ओवीछंदात, कोकणीची छटा असलेल्या मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये रोमी लिपीत छापून निघाले. जवळजवळ ११ हजार ओव्यांचे हे पुराण बायबलचे भाषांतर नव्हे, बायबलमधल्या कथांचे निरूपण आहे. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला आणि ती वाट खुंटली. कॅथलिक उपासनेत लॅटिनच राहिली. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या जागतिक सभेनंतर, वसईच्या चर्चमध्ये मराठी वाचने रुळली. तिथलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' याच वाटेवरचे. आजच्या बोलीशी ते जवळचे आहे, नवख्याने पहिली प्रत म्हणून तेच घ्यावे असे आमचे मत.

दुसरी वाट छापखान्याची. बंगालात सेरामपूरला मिशनरी विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने केलेला मराठी नवा करार १८११ मध्ये निघाला. त्यातली मराठी नागपूरकडची, लिपी मोडी. मुंबई-कोकणात ती चालेना. अमेरिकन मिशनने मुंबईत नवे भाषांतर हाती घेतले आणि १८२६ मध्ये नवा करार छापला. संपूर्ण बायबल १८४७ चे. स्कॉटिश मिशनऱ्यांचे काम तर कोकणातच, १८२३ मध्ये बाणकोटला सुरू झाले. पुढे मुंबईत नाव कमावलेले जॉन विल्सन १८२९ मध्ये मराठी शिकायला आले ते बाणकोट-हर्णै भागात. आज हर्णै ओळखले जाते ते मासळीच्या लिलावासाठी. या दुसऱ्या वाटेच्या भाषांतरावर नंतर अनेक हात फिरले, तरी त्याचा बाज एकोणिसाव्या शतकातल्या पंडिती मराठीचाच राहिला. तो बाज मोडून साध्या बायकांना कळेल असे भाषांतर मूळ हिब्रू-ग्रीकवरून करायचा ध्यास पंडिता रमाबाईंनी घेतला; १९२२ मध्ये त्या गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

जुन्या बाजाची प्रत असेल तर शब्द फसवतात. 'अनुवाद' हे पाचव्या पुस्तकाचे नाव. त्याचा भाषांतराशी संबंध नाही. सांगितलेले पुन्हा सांगणे हा त्या शब्दाचा जुना अर्थ, आणि मोशे त्या पुस्तकात नियम पुन्हा सांगतो. 'हात' हे माप सुमारे ४५ सेंटिमीटरचे. 'जकातदार' म्हणजे नाक्यावरचा साधा कारकून नव्हे, रोमी सत्तेसाठी वसुली करणारा आणि म्हणून गावाने वाळीत टाकलेला माणूस.

'जाळे' हा शब्द मात्र कोकणातल्या वाचकाला इतरांपेक्षा जास्त कळू शकतो. ग्रीकमध्ये इथे निरनिराळे शब्द आहेत, मराठी प्रतींत बहुधा सगळीकडे 'जाळे'च. मत्तय ४:१८ मध्ये पेत्र आणि आंद्रिया टाकतात तो पाग: काठाला वजने लावलेले गोल जाळे, एका माणसाने फेकायचे. मत्तय १३:४७ मधली मात्र सरळ रापण आहे, म्हणजे अनेकांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचे लांब जाळे. पुढची ओवी वाचा: जाळे भरल्यावर ते किनाऱ्याला ओढतात, बसतात, चांगले भांड्यांत भरतात आणि वाईट टाकून देतात. मालवणला रापण ओढताना पाहिलेल्याला या दाखल्याचे (दृष्टांताचे) स्पष्टीकरण लागत नाही. रापण निवड करत नाही, निवड होते ती वाळूवर, नंतर. फक्त एक ध्यानात असू द्या: गालील 'समुद्र' हा गोड्या पाण्याचा तलाव आहे, सुमारे २१ किलोमीटर लांब. तिथे भरती-ओहोटी नाही, वादळ मात्र अचानक उठते.

सुरुवात मार्कापासून, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांतल्या एकापासून करावी. १६ अध्याय, सावकाश वाचले तरी दीड-दोन तास. मत्तयापासून केली तर गोष्ट सुरू व्हायच्या आत १७ ओव्यांची वंशावळ येते. मार्क संपला की लूक आणि त्याला जोडून प्रेषितांची कृत्ये, कारण दोन्ही एकाच लेखकाची. मग उत्पत्ती, निर्गमचे पहिले २० अध्याय, आणि रोज एक स्तोत्र: २३, १०३, १२१. मूळ दापोली तालुक्यातल्या करजगावचे कवी नारायण वामन टिळक यांना रेल्वेच्या प्रवासात एका परक्या सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यांना धरून ठेवले ते मत्तय ५ ते ७ मधल्या डोंगरावरच्या प्रवचनाने. पहिल्याच पानाला चिकटून राहिले पाहिजे असे नाही.

प्रत जुळत नाही म्हणून घाबरू नये. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके, कॅथलिकांत ७३. टोबीत किंवा मक्काबी ही पुस्तके शोधायची तर कॅथलिक प्रतच लागेल. जुन्या कॅथलिक पुस्तकांत २३ वे स्तोत्र २२ वे म्हणून सापडते. नव्या प्रतींत मार्क ९:४४ आणि ९:४६ हे आकडेच गाळलेले दिसले तर ती छपाईची चूक नव्हे: सर्वांत जुन्या हस्तलिखितांत त्या ओव्या नाहीत. रविवारी कॅथलिक चर्चमध्ये काय वाचतील हेही हिशेबाने कळते. सनाला ३ ने भागून १ उरला तर मत्तयाचे वर्ष, २ उरले तर मार्काचे, काही उरले नाही तर लूकचे. हे वर्ष मात्र नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी बदलते, १ जानेवारीला नव्हे.

जुन्या कराराचे या किनाऱ्यावरचे वाचक केवळ ख्रिस्ती नाहीत. रायगडातले बेने इस्राएल हे ज्यू, ज्यांना गावे शनिवार तेली म्हणत, तेच ग्रंथ मानत आले. विल्सन यांनी त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर एलीया या संदेष्ट्याच्या रथाची खूण आहे अशी त्यांची श्रद्धा. तो रथ २ राजे २ मध्ये आहे. वाचायला घ्यावे ते १ राजे १७ पासून, सलग. मधले २० आणि २२ हे अध्याय सोडले तरी चालतात, त्यांत एलीया येत नाही.